पंचवीस तोळ्यांची पिल्लं

जे. पी. नगर, बेंगळुरू
१८ नोव्हेंबर २०२५

चि. नंदास अनेक आशीर्वाद.

चार वर्षं झाली, तुला एक ओळ लिहिली नाही. माफ कर. फोन पुष्कळ केले, पण तू माझा नंबर अडवून ठेवला आहेस असं आमचा सुशांत म्हणाला. फोन असा अडवता येतो हे मला ठाऊकच नव्हतं. पत्र अडवता येत नाही, म्हणून लिहितो. अक्षर माझं सातवीतलंच आहे. चुका पोटात घाल.

शिवानीच्या लग्नातलं आत्ता काढत नाही. मला एक विचारायचं आहे आणि ते विचारायला तुझ्याशिवाय कोणी नाही. सासरी शेळी मेली तेव्हा तिची दोन करडं तू हातावर जगवली होतीस ना? तू त्यांना पहिलं दूध कधी पाजलंस? लगेच, की अंगात ऊब आल्यावर? रात्री किती वेळा उठायचीस? दूध नाकात गेलं तर काय करायचीस?

आता कारण सांगतो. आमच्या वरच्या मजल्यावर स्वानंदी म्हणून पुण्याची मुलगी राहते. एकटीच असते, कंपनीचं काम घरी बसून करते. तिची एक कुत्री आहे, रस्त्यावरून आणलेली. तिचं नाव कॉफी. तू हसशील, पण रंग खरोखर तसाच आहे. ती गाभण होती. परवा रविवारी सकाळपासून ती कोपऱ्यात चादर उकरत होती, धापा टाकत होती. दहाच्या सुमारास कळा सुरू झाल्या. पोट आवळायची, पाय ताणायची, आणि काही नाही. बाराच्या पुढे स्वानंदी खाली आली.

"काका, दोन तास झाले. एकही पिल्लू नाही."

"होईल ग. बाळंतपणाला घाई चालत नाही."

"आता हिरवं पाणी गेलंय. मी वाचलंय, पहिलं पिल्लू यायच्या आधी हिरवं दिसलं की थांबायचं नाही."

मी म्हटलं, आपल्याकडे कुत्र्यामांजरांना कोण डॉक्टर आणतं, थोडं थांब. त्यात अर्धा तास गेला. हे तुला सांगतो आहे, तिच्यापाशी मी बोललो नाही.

मग रिक्षा. रिक्षावाला कुत्री बघून आधी 'आगल्ला', जमणार नाही म्हणाला. नंतर तिचं कण्हणं ऐकलं, मीटर न टाकता 'बन्नी, बन्नी', या बसा म्हणाला आणि बसवनगुडीच्या दवाखान्यापर्यंत हॉर्न वाजवत गेला. तिथले डॉक्टर महांतेश बेळगावकडचे, मराठी बोलतात. हात घालून बघितलं आणि म्हणाले, "आडवं बसलंय की ओ. ओढून येत नाही हे. पोट उघडायला पाहिजे."

पाच पिल्लं निघाली. आडवं बसलेलं मेलेलंच होतं. बाकीची चार जिवंत, पण हलत नव्हती. तिथल्या नर्सनं एक पिल्लू टॉवेलात गुंडाळून सरळ माझ्या हातात कोंबलं. "उज्जी, अज्जा, चेन्नागी उज्जी!" म्हणजे घासा, चांगलं घासा. मी पन्नास वर्षं सोनं आटवणारा माणूस. माझ्या हाताला मूस आणि चिमटा माहीत, ओलं कातडं कुठलं माहीत? तरी घासलं. पाठ, छाती, मान. किती वेळ घासलं कोण जाणे. मग ते शिंकलं. नंदा, आपण मेलेलं समजतो ते शिंकतं, हे काय असतं ग?

कॉफीला दवाखान्यातच ठेवली आहे, सलाईन चालू आहे. गर्भाशयात विष झालंय म्हणतात आणि दूध आलेलं नाही. स्वानंदी तिच्यापाशी असते. चार पिल्लं माझ्या खोलीत आहेत, पुठ्ठ्याच्या खोक्यात, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून. मीच म्हणालो, मी बघतो. मला अनुभव आहे असंही म्हणालो. कसला, ते तुला सांगायला नको.

तुझं उत्तर येईपर्यंत पिल्लं आठ दिवसांची होतील हे मला कळतं. तरी कळव.

तुझा दादा


२० नोव्हेंबर २०२५

चि. नंदास आशीर्वाद.

परवाचं पत्र अजून वाटेत असेल, तोवर हे दुसरं. घाई झाली आहे मला.

आपला दुकानातला जुना काटा मी निवृत्त झालो तेव्हा घरी आणला होता, तो कामाला आला. पिल्लाला रुमालात घेतो आणि काट्यावर ठेवतो. जन्मली तेव्हा एकेक पंचवीस तोळ्यांच्या आसपास होती. स्वानंदीला तोळे कळत नाहीत, तिला मी ग्रॅम करून सांगतो. ज्या मादीला मी घासून जागी केली ती सर्वांत लहान, बावीस तोळे. तिला मी गुंज म्हणतो.

तासन् तास बघत बसतो. डोळे मिटलेले, कान मिटलेले, आणि डोकं सारखं डावीउजवीकडे हलत असतं, वजन टाकल्यावर काट्याची सुई हलते तसं. काय शोधतात? आई तर त्यांनी बघितलेलीसुद्धा नाही. झोपेत पाय झाडतात. पोहल्यासारखे पुढे सरकतात. स्वानंदीला विचारलं, स्वप्न पडतं का यांना? ती म्हणाली, "काका, मी सॉफ्टवेअर लिहिते." तुला काय वाटतं? काही पाहिलंच नाही त्याला स्वप्न कशाचं पडणार?

आता चूक सांगतो.

दर दोन तासांनी डब्यातलं दूध कालवून बाटलीनं पाजायचं. मी पाजलं. प्रत्येक वेळी वजन केलं. वाढ! सकाळी पंचवीस, संध्याकाळी पावणेसव्वीस, दुसऱ्या दिवशी सव्वीसच्या वर. मी वहीत लिहून ठेवलं, स्वानंदीला जिन्यावरून ओरडून सांगितलं. काटा खोटं बोलत नाही. आयुष्य मी त्या विश्वासावर काढलं.

आज सकाळी डॉक्टर महांतेश घरी आले. मी वही पुढे केली. त्यांनी वही बघितलीच नाही, पिल्लू उचललं, पोटाला बोट लावलं.

"अहो, हे शी-शू कुठं करालेत?"

"अजून नाही केली. चांगली पिल्लं आहेत, घाण करत नाहीत."

 डॉक्टरांनी कापूस कोमट पाण्यात बुडवला आणि पिल्लाच्या शेपटीखाली हळू हळू फिरवला. आई जिभेनं चाटते तसं. आणि नंदा, धार लागली! माझ्या लुंगीवर, टेबलावर. थांबेचना. एवढ्याशा जीवात एवढं कुठून मावलं होतं? त्यांना आपणहून करताच येत नाही म्हणे. आईनं चाटलं तर होतं, नाहीतर पोट फुगून मरतात. पुन्हा काट्यावर ठेवलं, तर पावणेपंचवीस. जन्मल्या वेळेपेक्षाही कमी.

"वजन वाढलं नव्हतं, साचलं होतं," डॉक्टर म्हणाले. "सोन्याला मुतायचं नसतंय, अज्जा."

मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. आणि माणसाचं पोर आपलं आपण करतं, मग कुत्र्याला देवानं एवढं परावलंबी का केलं? तुझ्या करडांना असं पुसावं लागायचं का? आठवून लिही.

डॉक्टर जाताना दारात आणखी काहीतरी म्हणाले. ते विशेष नाही.

तुझा दादा


२२ नोव्हेंबर २०२५

चि. नंदास आशीर्वाद.

काल दुपारी एक गेलं. नर होता, सर्वांत थोराड. पोट त्याचंच जास्त फुगलं होतं. आज सकाळी दुसरा नर गेला. त्याला हगवण लागली होती, डब्याचं दूध सोसलं नाही. दोघांना मागच्या अंगणात सीताफळाखाली पुरलं.

आता दोन माद्या उरल्या. गुंज वीस तोळ्यांवर आली आहे. बाटलीचं बोंड तोंडात धरते आणि विसरते. ओठाच्या कडेनं दूध बाहेर येतं. मी तिला म्हणतो, ओढ ग बाई. माझ्या हाताला तिचं काळीज लागतं, पण ते मोजता येईना इतकं लगबगीनं चालतं.

परवा मी लिहिलं होतं की मला कोणी सांगितलं नव्हतं. ते खरं नाही. दवाखान्यात नर्सनं काय काय करायचं त्याचा कागद दिला होता. इंग्रजीत होता. मी तो वाचल्यासारखं केलं आणि खिशात घातला. स्वानंदीनं विचारलं, "काका, सगळं कळलं ना?" मी हो म्हणालो. ती पोर दवाखान्यात आणि मीटिंगमध्ये अडकलेली, तिनं विश्वास ठेवला. वाचून दाखव म्हणायला मला जीभ रेटली नाही. आज तिनं तो कागद माझ्या शर्टात बघितला, धुवायला टाकताना. एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. रागावली नाही. चौथ्या ओळीत ते कापसाचं होतं.

तिनं रागवायला हवं होतं असं वाटतं. तुला राग येतो तसा.

एक सांग. करडू खायचं सोडायला लागलं की तुला आधी कळायचं का? कशावरून?

दादा


२४ नोव्हेंबर २०२५

चि. नंदास,

हे पत्र मोठं होईल. बसून वाच.

आधी पिल्लांचं सांगतो. दोन्ही जिवंत आहेत. माझ्याकडे नाहीत.

गुरुवारी डॉक्टर महांतेश दारात जे म्हणाले, ते मी 'विशेष नाही' असं लिहिलं होतं. ते म्हणाले होते, "देवनहळ्ळीला माझ्या ओळखीच्या मुनियम्मांची एक कुत्री आहे. तिची पिल्लं लेआउटच्या माती वाहणाऱ्या टिपरखाली गेली. थानं भरून बसलीय बिचारी. ही चार तिच्याखाली लावून बघू या. स्वानंदी मॅडमना सांगा आणि मला फोन करा." मी म्हणालो, सरी, म्हणजे बरं, सांगतो.

सांगितलं नाही.

का नाही, ते तीन दिवस स्वतःला विचारतो आहे. मला वाटलं, मी जगवीन. कोणाकोणाला सांगितलं होतं, खालच्या वाण्याला, सुशांतला, दुकानातल्या पोरांना, की चार पिल्लं हातावर वाढवतो आहे. लोक बघायला येत होते. आणि मनात तूही होतीस. चार पिल्लं मोठी झाली असती तर तुला लिहिणार होतो, बघ, मला येतं, तेव्हाही आलं होतं.

शनिवारी संध्याकाळी डॉक्टरांचा फोन स्वानंदीला गेला, कॉफीसाठी. त्यात हे निघालं. ती जिना उतरून आली.

"डॉक्टर म्हणतायत तुम्हाला गुरुवारीच सांगितलं होतं. खरं आहे का काका?"

"विसरलो."

"तुम्ही? तुम्ही काट्यावरचा पॉइंटसुद्धा विसरत नाही."

मी खोक्याकडे बघत राहिलो.

"दोन पिल्लं गेली," ती म्हणाली. "माझा कागदाबद्दल राग नव्हता. ह्याचा आहे." मग म्हणाली, "सकाळी सातला गाडी काढते. तुम्ही या. पिल्लं धरायला कोणीतरी लागेल." काका म्हणाली नाही.

काल रविवारी गेलो. विमानतळाच्या अलीकडे रस्ता फुटतो, एका बाजूला नव्या प्लॉटांचे दगड, दुसऱ्या बाजूला मुनियम्मांचं उरलेलं शेत. चकोत्याच्या, म्हणजे पपनसाच्या झाडाखाली काळी कुत्री बांधलेली. पिल्लं मी बनियनच्या आत धरली होती, ऊब राहावी म्हणून. मी म्हणालो, जरा थांबू या का, आधी बघू. स्वानंदीनं बनियनमध्ये हात घालून पिल्लं काढून घेतली.

मुनियम्मांनी घाई केली नाही. कुत्रीचं दूध पिळून दोन्ही पिल्लांच्या पाठीला चोळलं. तिच्या खालचं गोणपाट त्यांच्या अंगावरून फिरवलं, म्हणजे वास तिचा झाला. मग मागच्या बाजूनं हळूच सरकवलं. कुत्री गुरगुरली.  ती हुंगली, पुन्हा गुरगुरली, पुन्हा हुंगली. आणि मग गुंजला उलटी करून शेपटीखाली चाटायला लागली. गुंज मुतली! कापूस नाही, कागद नाही. नंतर ती डोकं हलवत हलवत सरकली आणि थानाला जी चिकटली, ती मागच्या पायांनी रेटा देत ओढू लागली. माझ्याकडे जिला ओढ म्हणून विनवावं लागत होतं, ती हीच का?

मुनियम्मा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अज्जा, याके अळ्तीरा?" रडता का म्हणून. मी म्हटलं, धूळ गेली.

धूळ नव्हती. मला विठाबाई दिसली.

नंदा, परसूची आई विठाबाई. आता ऐक.

तुझ्या जन्माच्या वेळी आई गेली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. शेळीचं दूध कापसाच्या वातीनं तुला मी पाजलं, हे खरं आहे. पण दोन दिवस. वात चोखून तुला ओकारी यायची. तिसऱ्या दिवशी तू रडायचीही थांबलीस. गुंज थांबली तशीच. तेव्हा दिवेलागणीला आत्यानं मागच्या दारानं विठाबाईला आणलं. तिच्या अंगावर परसू पीत होता, महिन्याचा होता. तिनं परसूला माझ्याकडे दिलं आणि तुला घेतलं. मी परसूला मांडीवर घेऊन बघत होतो. तू डोकं हलवलंस आणि धरलंस.

सात महिने ती यायची. मागच्या दारानं, अंधार पडल्यावर आणि पहाटे. वेशीबाहेरच्या बाईचं दूध पोरीला पाजलं हे कळलं तर पोरीला घर मिळणार नाही, म्हणून वडिलांनी मला आणि आत्याला आईच्या फोटोवर हात ठेवायला लावला. विठाबाईला काय सांगितलं मला ठाऊक नाही. तिनं तोंड उघडलं नाही एवढं खरं. दिवसा गावात मी तुला कडेवर घेऊन, वात आणि वाटी घेऊन ओट्यावर बसायचो, लोकांना दिसावं म्हणून. लोक म्हणायचे, काय पोरगा आहे, बहिणीला आईसारखं करतो. आधी मला लाज वाटायची. मग नाही वाटली. मग मलाच ते खरं वाटायला लागलं. वडील गेले, आत्या गेली, तुझं लग्न होऊन पस्तीस वर्षं झाली. त्यानंतर शपथ मोडायला मला कोणी अडवलं नव्हतं.

आणि शिवानीच्या लग्नात माझी बस उशिरा आली. मुहूर्त टळत होता म्हणून तू मंडपात पाणी भरणाऱ्या परसूला म्हणालीस, तू उभा राहा पोरीमागं मामा म्हणून. मी आलो तर अक्षता पडत होत्या आणि मामाच्या जागी तो. सगळ्यांपुढे मी ओरडलो, वातीनं दूध पाजून हिला जगवली मी, आणि हा कोण लागतो तुझा? परसूच्या खांद्यावरचा टॉवेल मी ओढला. तू म्हणालीस, "दादा, त्या दुधाचं ओझं किती वर्षं वाहू? घे परत." त्यानंतर आपलं बोलणं नाही.

तो तुझा दूधभाऊ लागतो. मामाची जागा त्याचीच होती. तुला माहीत नसताना तू बरोबर माणूस उभा केलास.

एक गोष्ट मी कधी विचारली नाही. विठाबाई तेव्हा दुसऱ्याच्या शेतावर राबायची, खायला काय असायचं तिला? दोघांना पुरायचं का? परसू लहानखुराच राहिला. आधी तू प्यायचीस, मग तो.

याच्यावर तू काय करावंस ते मी सांगत नाही.

दादा


२ डिसेंबर २०२५

चि. नंदास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. पत्रं परत आली नाहीत, म्हणजे पोचली असं धरतो. पोस्टमन रोज विचारू नका म्हणाला.

आज बसनं देवनहळ्ळीला एकटा जाऊन आलो. काटा पिशवीत घेतला होता. पिल्लांचे डोळे उघडले आहेत. निळसर, धुरकट. दिसतं की नाही देव जाणे. मुनियम्मा म्हणाल्या, वजन करायचं तर करा. मी गुंजला रुमालात घेतली, तर ती किंचाळायला लागली आणि काळी कुत्री उठून माझ्याकडे आली. गुरगुरली नाही, नुसती माझ्या हातापाशी उभी राहिली. मी काटा न लावताच पिल्लू खाली ठेवलं. पोट गोल आहे. आज साचलेलं नाही, भरलेलं आहे, एवढं मला आता हातानं कळतं. तिनं मला ओळखलं नाही. मी घासून तिला शिंकायला लावली हे तिला कोण सांगणार? आणि सांगावं तरी का?

कॉफी घरी आली आहे. रिकामं खोकं हुंगते आणि माझ्या दाराशी येऊन बसते. तिला काय आठवत असेल याचा विचार करतो. पिल्लं तिनं बघितलीच नाहीत, तिला भूल दिली होती. तरी शोधते. दीड महिन्यानं दोघींना इकडे आणायचं ठरलं आहे. स्वानंदी माझ्याशी कामापुरतं बोलते. आज मात्र बसमध्ये असताना तिचा फोन आला, "जेवलात का?" बाकी काही नाही.

मी गावी येणार होतो. सुशांत तिकीट काढतो म्हणाला. मीच थांबलो. आधी मी जाऊन विठाबाईच्या पाया पडलो, तर तिथंही पुढे मीच झालो. ती जागा तुझी आहे. शिवानीला घेऊन जा, किंवा एकटी जा, किंवा जाऊ नकोस. परसूला तू सांग, नाहीतर मला सांग म्हण, मी येऊन चावडीवर उभा राहून सांगतो. लोक काय म्हणायचं ते म्हणोत. कोणाचं लग्न अडायचं राहिलेलं नाही.

पण माझ्या हिशेबानं विठाबाई आता अठ्ठ्याहत्तरीची असावी. तुझ्या सासरपासून आपलं गाव आठ मैलांवर, तिचं बरंवाईट तुझ्या कानावर आलं असेल. चार वर्षांत मला गावचं कोणी काही कळवलेलं नाही. जेवताना घास हातात राहतो आणि वाटतं, मी हे सगळं लिहिलं ते वेळेत लिहिलं का?

विठाबाई आहे का, एवढं आधी कळव. कार्डावर एक शब्द लिही, आहे किंवा नाही. तुला जे बोलायचं ते नंतर सावकाश लिही, पण हे लगेच कळव.

तुझा दादा
सूर्यकांत